लॉग न वाचता फॉरमॅट मारणाऱ्यांनो

लिनक्सवरचा प्रिंटर बंद पडला की मुंबईच्या उपनगरातल्या कुठल्याही छोट्या ऑफिसात दोन वाक्यं ठरलेली असतात. ऑफिसातला जाणता माणूस म्हणतो, "लिनक्स आहे ना, मग कसा चालणार?" फोनवरून इंजिनिअर म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." या दोन वाक्यांच्या मधे एक प्रश्न विचारायला हवा, तो कोणीच विचारत नाही. काय बिघडलं, हे मशिनानं स्वतः लिहून ठेवलंय का? ठेवलेलं असतं. तारीख, वेळ, कामाचा क्रमांक आणि कारण, सगळं साध्या अक्षरांत. ती फाइल उघडायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट न देता अंधेरीपासून मुलुंडपर्यंत लोकांचे हजारो रुपये उकळले जातात. याला मी पूर्वी अडाणीपणा म्हणायचो, आता म्हणत नाही. ही पैसे घेऊन केलेली कामचुकारी आहे.

मी वकिलांची ऑफिसं, झेरॉक्स आणि टायपिंगची दुकानं, सोसायट्यांच्या कचेऱ्या आणि काही शाळा इथल्या संगणकांची देखभाल करतो. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी उबंटू किंवा मिंट आहे. परवान्याचे पैसे वाचतात आणि जुनी मशिनं त्यावर बरी चालतात, म्हणून. हे लोक हौशी नाहीत. सकाळी दहाला कागद हातात पडला नाही तर त्यांचा अशील कोर्टात उभा राहून ताटकळतो.

आधी "लिनक्सवर प्रिंटर चालत नाही" या थापेचा निकाल लावतो. लिनक्सवर छपाईचं काम 'कप्स' नावाची यंत्रणा करते. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये ती लिहायला घेतली आणि १९९९ मध्ये पहिल्यांदा लोकांना दिली. ॲपलनं २००२ मध्ये हीच यंत्रणा मॅकमध्ये घेतली, २००७ मध्ये तिचे हक्क विकत घेतले आणि स्वीट यांना नोकरीवर ठेवलं. ते २०१९ च्या अखेरीस तिथून बाहेर पडले. आता ओपनप्रिंटिंग या गटासोबत तिचं काम पुढे चालू आहे. म्हणजे जाहिरात कंपनीच्या चकचकीत मॅकवरून निघणारी प्रिंट आणि कोर्टाबाहेरच्या टायपिस्टच्या जुनाट उबंटूवरून निघणारी प्रिंट एकाच यंत्रणेतून जाते. मॅकसमोर बसून "कप्स बेकार आहे" असं म्हणताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही.

आता मशीन स्वतः लिहितं त्या नोंदवहीकडे, म्हणजे लॉगकडे येतो. मशिनात 'व्हार' नावाचा फोल्डर असतो, त्यात 'लॉग', त्यात 'कप्स', आणि त्यात 'एरर लॉग' नावाची फाइल. फेडोरासारख्या काही लिनक्समध्ये याच नोंदी सिस्टिमच्या जर्नलमध्ये जातात. टर्मिनलची भीती वाटत असेल तर ब्राउझर उघडा, पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट, कोलन आणि ६३१ लिहा. कप्सचं पान उघडतं, त्याच्या ॲडमिनिस्ट्रेशन विभागात हा लॉग पाहायचं बटण असतं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर असतं. ई म्हणजे चूक, डब्ल्यू म्हणजे इशारा, आय म्हणजे माहिती, डी म्हणजे बारीकसारीक तपशील. शेजारी 'ॲक्सेस लॉग' असतो, त्यात कोणी काय मागितलं ते दिसतं. 'पेज लॉग' चालू केलेला असेल तर त्यात कोणत्या कामाची किती पानं निघाली ते दिसतं. या बाबतीत इतकं प्रामाणिक यंत्र क्वचितच बघायला मिळतं. पंचनामा समोर असताना तो न वाचता निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला कोणी एक दिवस खुर्चीवर ठेवणार नाही. इंजिनिअरला मात्र आपण वर्षाचा करार देतो.

अंधेरीतल्या एका वकिलांचं उदाहरण सांगतो. दुसऱ्या दिवशी अर्ज दाखल करायचा होता आणि संध्याकाळी प्रिंटर मुका झाला. काम पाठवलं की रांगेत दिसायचं आणि तिथेच अडकून राहायचं. वार्षिक करारातला इंजिनिअर आला, प्रिंटर उघडला, फुंकर मारली, बंद केला आणि म्हणाला, "लॉजिक कार्ड गेलं, साहेब. नवीन टाकावं लागेल. आणि हे लिनक्स काढून विंडोज टाकू, म्हणजे पुन्हा त्रास नको." कार्डाचा खर्च त्यानं जो सांगितला, त्यात थोडी भर घातली असती तर नवा प्रिंटर आला असता. मी पोचलो तेव्हा लॉगमध्ये ई अक्षराची एक ओळ शांतपणे बसलेली होती: अमुक फिल्टर उपलब्ध नाही, अशी फाइल किंवा फोल्डर सापडत नाही. पाठवलेली पीडीएफ आधी चित्ररूपात बदलावी लागते आणि मग प्रिंटरला कळेल अशा भाषेत. हे काम फिल्टर नावाचे छोटे प्रोग्राम एकापाठोपाठ करतात. उबंटूची नवी आवृत्ती टाकताना प्रिंटरच्या ड्रायव्हरचं पॅकेज काढलं गेलं होतं आणि त्यासोबत शेवटचा फिल्टरही गेला होता. पॅकेज परत टाकलं आणि अर्ज छापून झाला. लॉजिक कार्ड ठणठणीत होतं, ते आजही तेच आहे.

ती ओळ इंजिनिअर यायच्या आधीपासून तिथे होती, तो उभा होता तेव्हाही होती आणि तो गेल्यावरही होती. त्यानं स्क्रूड्रायव्हर काढला, पण कीबोर्डला हात लावला नाही. हा माणूस आळशी आहे की खोटारडा, हे ठरवायची मला गरज नाही, कारण गिऱ्हाइकाच्या खिशातून दोन्ही वेळा तेवढेच पैसे जातात.

मुलुंडच्या एका सोसायटीत प्रिंटर वायफायवर होता. इंटरनेटवाल्यानं राउटर बदलला, प्रिंटरचा पत्ता बदलला, आणि लॉगमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा उमटायला लागली: प्रिंटर प्रतिसाद देत नाही, पोचता येत नाही. तोवर प्रिंटर ठाण्याला सर्व्हिसिंगला जाऊन, हेड साफ करून, बिल घेऊन परत आला होता. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करून दिला, काम संपलं. बोरिवलीच्या एका ऑफिसात प्रिंटर पिवळा दिवा लावून थांबायचा, म्हणून पिकअप रोलर बदलला गेला. खरी गोष्ट एवढीच होती की फाइल अमेरिकन 'लेटर' मापाची होती, ट्रेमध्ये ए-फोर होता, आणि प्रिंटर लेटर कागदाची वाट बघत बसला होता. लॉगची पातळी वाढवली तेव्हा कामासोबत जाणारं कागदाचं माप स्पष्ट दिसलं. वकिलांकडे ट्रेमध्ये लीगल, ए-फोर असे दोन-तीन मापांचे कागद फिरत असतात, त्यामुळे हा प्रकार तिथे नेहमीचा आहे. पावसाळ्यात सादळलेल्या कागदानं खरोखरच जॅम होतात, तेव्हा रोलरचा संशय घेणं ठीक आहे. पण आपली अवस्था परत कळवणारा प्रिंटर असेल तर जॅमची नोंदही लॉगमध्ये येते. कोरड्या कागदाचा नवा गठ्ठा लावा आणि नोंद पुन्हा येते का ते बघा. अंदाजानं सुटे भाग बदलू नका.

पातळी वाढवणं म्हणजे काय, तेही सांगतो. कारण लॉग उघडणारे जे मोजके लोक आहेत, ते इथे फसतात. कप्स मुळात फक्त चुका आणि इशारे लिहितं. त्यात काही सापडलं नाही की ते म्हणतात, "लॉगमध्ये काहीच नाही." मग कप्स-सीटीएल ही आज्ञा वापरून डीबगची नोंद चालू करा, काम पुन्हा पाठवा आणि फाइल पुन्हा वाचा. आता प्रत्येक पायरी दिसेल: कोणता फिल्टर सुरू झाला, कोणता कोणत्या कारणानं मेला, यूएसबीवर प्रिंटर सापडला की नाही. कामाचा क्रमांक धरून वाचलं तर शेकडो ओळींमधल्या नेमक्या दहा-बारा ओळी हाती येतात. "फिल्टर फेल्ड" ही ओळ दिसली की तिथे थांबू नका. ते फक्त शेवटचं वाक्य असतं, कारण त्याच्या वरच्या चार-पाच ओळींत असतं. यूएसबीचा संशय असेल तर कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेशही बघा. केबल ओढून परत लावल्यावर तिथे नवी नोंद आली नाही, तर दोष केबलचा, पोर्टचा किंवा प्रिंटरचा आहे आणि कप्सला शिव्या देण्यात अर्थ नाही. उबंटूवर ॲपआर्मर नावाचा पहारेकरी कधी कधी ड्रायव्हरला फाइल उघडू देत नाही. तोही "डिनाइड" असं लिहूनच अडवतो, लपून अडवत नाही. तपासणी झाली की पातळी मात्र परत खाली आणा.

घाटकोपरच्या एका झेरॉक्सवाल्याचा किस्सा मला जास्त लागला. त्याचं मशीन अधूनमधून छपाई थांबवायचं. एकदा फॉरमॅट झालं होतं, नंतर पुन्हा तेच. लॉगमध्ये कारण लिहिलेलं होतं: डिस्कवर जागा शिल्लक नाही. जागा कशानं भरली ते शोधत कप्सच्या स्पूल फोल्डरात गेलो आणि अंगावर काटा आला. गिऱ्हाइकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, बँकेची पासबुकं, भाडेकरार, दवाखान्याचे रिपोर्ट, छापायला आलेली प्रत्येक फाइल तिथे पडून होती. कप्स आपल्या मूळ सेटिंगनुसार झालेल्या कामाची फाइल एका दिवसानंतर काढून टाकतं. कोणीतरी आधीच्या "दुरुस्तीत" सगळ्या फाइली जपून ठेवायला सांगितलं होतं आणि कामांच्या संख्येवरची मर्यादाही उठवली होती. फॉरमॅट करणाऱ्यानं जुनी सेटिंगची फाइल जशीच्या तशी परत डकवली, म्हणून आजार परत आला. शेकडो माणसांची ओळखपत्रं रस्त्यावरच्या दुकानातल्या पासवर्ड नसलेल्या मशिनात उघडी पडून होती आणि या प्रकाराला "प्रिंटर प्रॉब्लेम" असं नाव दिलं गेलं होतं. लॉगमधली ती एक ओळ पहिल्याच वेळी वाचली असती तर हे तेव्हाच उघडकीला आलं असतं.

न वाचणारे लोक गप्प बसले असते तरी चाललं असतं. ते तोडफोड करतात. परवानगीचा प्रश्न दिसला की अख्ख्या फोल्डरला सगळ्यांसाठी सगळी दारं उघडी करून देतात. नेटवर्क प्रिंटर दिसत नसेल तर फायरवॉल बंद करतात, ॲपआर्मर काढून टाकतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेली या संशोधकानं दाखवून दिलं की कप्ससोबतची 'कप्स-ब्राउज्ड' ही सेवा ६३१ पोर्टवर कोणाचंही म्हणणं ऐकून घेते. बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर मशिनात घुसवू शकतो आणि त्या प्रिंटरवर काम पाठवलं की त्याची आज्ञा तुमच्या मशिनावर चालू शकते. दुरुस्तीचे अपडेट आले. पण ज्यानं फायरवॉल बंद करून अपडेटही थांबवून ठेवलेत, "नाहीतर प्रिंटर पुन्हा बिघडेल" म्हणून, त्याच्या गिऱ्हाइकाचं काय? त्याला तर आपलं दार उघडं आहे हेही माहीत नसतं.

कंपन्यांनाही मी सोडणार नाही. मुंबईतल्या वकिलांच्या आणि सीएंच्या टेबलांवर वर्षानुवर्षं दिसणारे दोन प्रिंटर घ्या. एचपीच्या लेझरजेट १०२० मध्ये त्याचं फर्मवेअर कायमचं राहत नाही. प्रिंटर चालू केला की दर वेळी संगणकानं ते त्याला पाठवायचं. एचपीच्या स्वतःच्या लिनक्स ड्रायव्हरमधून हे करायचं तर बंदिस्त प्लगइन लागतं, ते ड्रायव्हरच्या आवृत्तीशी जुळावं लागतं, आणि सिस्टिम अपडेट झाली की जुळणी मोडते. कॅननचा एलबीपी २९०० 'सीएपीटी' नावाच्या, कंपनीच्या खासगी भाषेत बोलतो. कंपनीच्या लिनक्स ड्रायव्हरला पार्श्वभूमीवर स्वतःची वेगळी सेवा चालू ठेवावी लागते, ती पडली की छपाई पडते. हे प्रिंटर स्वस्त आणि चिवट आहेत, हे मान्य. पण आपली भाषा लपवून ठेवायची, तिची माहिती कोणाला द्यायची नाही आणि बदनामी लिनक्सच्या माथी मारायची, हा व्यवहार अप्रामाणिक आहे. कप्सचा लॉग या बंदिस्त ड्रायव्हरच्या दारापर्यंत तुम्हाला नेतो. आत काय झालं ते ड्रायव्हर सांगेल तेवढंच कळतं.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागे एक प्रिंटर आहे, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये बदल करून घेतला होता: कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर तसा निरोप जायचा. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला आणि त्याचा सोर्स कोड त्यांना मिळाला नाही. ज्याच्याकडे होता त्यानं गोपनीयतेच्या कराराचं कारण सांगून नकार दिला. २७ सप्टेंबर १९८३ ला स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. काय अडलंय ते यंत्रानं माणसाला सांगावं, एवढीच ती मूळ मागणी होती. आज ते सांगणारं यंत्र फुकट मिळालंय आणि आपण ते ऐकायला तयार नाही.

हा प्रश्न चार दुकानांपुरता नाही. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ता निवडला गेला आणि न्यायालयांना उबंटू दिलं गेलं. खटल्यांची माहिती ठेवणारी प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात तयार झाली. प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं केंद्राचं धोरण २०१५ चं आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंडची न्यायालयं याच देशव्यापी व्यवस्थेत येतात. तारखेचा आदेश, जामिनाचा आदेश, साक्षीची प्रत, सगळं शेवटी कागदावरच उतरतं. जामिनाच्या आदेशाची प्रत संध्याकाळी छापून मिळाली नाही तर एक माणूस आणखी एक रात्र कोठडीत काढतो. अशा व्यवस्थेभोवती लॉग वाचू शकणारी माणसं तयार करणं ही चैन नाही, तो सार्वजनिक कर्तव्याचा भाग आहे.

आणि आपण कोणती माणसं तयार करतोय? एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमानं २००१ पासून महाराष्ट्राच्या घराघरांत संगणक पोचवला, त्याबद्दल मला आदर आहे. पण तो सगळा अभ्यास विंडोज आणि ऑफिसभोवती रचलेला राहिला. गल्लीबोळांतले हार्डवेअर-नेटवर्किंगचे क्लास मुलांना रॅम बसवायला आणि विंडोज टाकायला शिकवतात, लॉग वाचायला शिकवत नाहीत. याच उपनगरात, पवईच्या आयआयटीत, प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. लिनक्सचे छोटे-छोटे धडे तिथे मराठी आवाजात, एक पैसा न घेता मिळतात. अंधेरीहून पवई तशी जवळच. तरी या भागातल्या क्लासच्या मालकांना ते मुलांना दाखवावेसे वाटत नाहीत, कारण त्यात फी लावता येत नाही.

"लॉग इंग्रजीत असतो, आमच्या मुलांना कळत नाही," असं मला सांगितलं जातं. मी हे ऐकून घेणार नाही. त्या फाइलमध्ये कामाचे शब्द वीस-पंचवीस आहेत: फेल्ड, मिसिंग, डिनाइड, अनेबल, नॉट फाउंड. जी मुलं मोबाइलच्या इंग्रजी सेटिंगचा कोपरा न कोपरा जाणतात, ती हे शब्द एका दुपारी शिकतात. मी शिकवले आहेत, ती शिकली आहेत.

इंजिनिअर म्हणून फिरणाऱ्या पोरांवर माझा सगळा राग नाही. त्यांना दिवसाला आठ-दहा कॉल पुरे करायचे असतात, पगार तुटपुंजा असतो, आणि कॉल कसा मिटवला यापेक्षा किती लवकर मिटवला हे मोजलं जातं. फॉरमॅट हा मोजमापात बसणारा उपाय आहे. कारण शोधणं बसत नाही. ही मोजमापं लावणारे करारवाले ठेकेदार खरे दोषी आहेत. ते सुट्या भागांवर कमावतात, निदानावर नाही, म्हणून निदान करणारा माणूस त्यांना नकोच असतो. आणि त्यांच्याबरोबर दोषी आहेत ते मालक, जे बिलावर "सर्व्हिस चार्ज" एवढे दोन शब्द वाचून सही करतात.

म्हणून तुम्हाला, गिऱ्हाइकांना सांगतो. नवा प्रिंटर घेताना आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट चालतं का ते दुकानदाराला विचारा. चालत असेल तर बहुतेक वेळा वेगळ्या ड्रायव्हरची गरज पडत नाही. करारात एक ओळ घालून घ्या: कोणताही भाग बदलण्याआधी किंवा फॉरमॅट करण्याआधी एरर लॉगची प्रत गिऱ्हाइकाला द्यायची. आणि पुढच्या वेळी समोरचा माणूस "लॉजिक कार्ड गेलं" म्हणाला, तर त्याला खुर्चीवर बसवा, लॉग उघडायला लावा, आणि कोणत्या ओळीवरून हे ठरवलं ते बोट ठेवून दाखवायला सांगा. दोष खरोखर हार्डवेअरचा असेल तर एक तर त्याची खूण लॉगमध्ये किंवा कर्नलच्या संदेशांत आहे, नाहीतर तिथे सगळं नीट असूनही छपाई होत नाही, हे तो दाखवू शकेल. यातलं काहीच तो दाखवू शकला नाही, तर त्याला प्रिंटर उघडू देऊ नका आणि पैसे देऊ नका.